पेल्याला तीन वेढे, त्याच्यावर नको



जायफळाच्या कलमांवर मागं लिहिलं होतं, तेव्हा लागवडीपेक्षा जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले. "रात्री जायफळाचं दूध घेतलं की झोप लागते हे खरं का? किती घालायचं? दारू सोडलेल्या माणसाला दिलं तर चालेल का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. लांबलं तर समजून घ्या.

आधी थोडक्यात. गरम दूध, त्यात सहाणेवर उगाळलेलं जायफळ, पेल्याला दोन ते तीन वेढे. एवढंच. हे औषध नाही. दिवस संपला हे अंगाला सांगायची ती एक रीत आहे. आणि यात कळीचे मुद्दे दोनच. जायफळ चिमूटभरच पाहिजे, आणि ते बुरशी न लागलेलं पाहिजे. पहिलं पिणाऱ्याच्या हातात आहे, दुसरं आपल्या, म्हणजे पिकवणाऱ्याच्या.

हे दूध मी शिकलो ते गावात नाही, लालबागला. माझी आत्या तिथल्या चाळीत पन्नासेक वर्षं राहते. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणतो, गिरणीत होते. आपल्यातल्या तरुण पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. लालबाग, परळ, लोअर परळ, शिवडी, भायखळा हा सगळा पट्टा गिरणगाव. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं तिथं कामाला. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. सकाळी 7 ला पहिली, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री 12 ला तिसरी. एका खोलीत दहा-बारा जण राहायचे ते याच हिशोबावर. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक बाहेर. वळकटी तीच, माणूस बदलायचा.

तर झोपायची वेळ म्हणजे रात्र, हा आपला गावाकडचा समज. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी 7 ला सुटायचा, कानात साच्याची घरघर, केसात कापूस. बाहेर ऊन चढतंय, नळावर भांडणं चाललीत, पोरं शाळेला निघालीत, आणि याला झोपायचंय. नाक्यावरच्या गुत्त्याकडं पाय वळायला तेवढं कारण पुरायचं. मुंबई इलाख्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला, तरी हातभट्टी काही बंद झाली नव्हती. आत्या सांगते, शेजारच्या खोल्यांतल्या चार बायकांनी मिळून ठरवलं होतं, माणूस जिना चढायच्या आत स्टोव्हवर दूध ठेवायचं. सगळ्यांना जमायचं नाही, दूध परवडायचं नाही. मग अर्धं पाणी. पण सहाणेवरचं जायफळ सगळ्यांकडे असायचं, कारण प्रत्येकीकडे तान्हं पोर आणि त्याची बाळगुटी.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. मामाही त्यातलेच. त्या दिवसांत दूध तुटलं, सहाण कोपऱ्यात गेली. आत्यानं खानावळीचे डबे करून घर ओढलं. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, इथं थांबतो.

आता पुढची पिढी. माझा आत्येभाऊ, वयानं मोठा म्हणून दादा. पूर्वी जिथं गिरणी होती तिथं आता टॉवर आहे, त्याच्या गेटवर हा रात्रपाळीला सुरक्षारक्षक. रात्री 8 ते सकाळी 8. बापाची तिसरी पाळी पोराकडं आली, फक्त साच्याऐवजी शिट्टी आणि रजिस्टर. सकाळी घरी यायचा, क्वार्टर संपवायचा आणि पडायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, "घेतली की पटकन डोळा लागतो." ते खोटं नाही. दारूनं झोप लवकर लागते. पण अंगातली दारू उतरायला लागली की झोप विरते. तीन-चार तासांनी माणूस जागा होतो, तोंड कोरडं, घाम, डोकं जड, आणि परत डोळा लागत नाही. दादा साडेअकराला उठून बसायचा. त्यापायी हळूहळू क्वार्टरची दीड क्वार्टर झाली.

आत्यानं मला फोनवर एवढंच सांगितलं, "बाबू, यंदा येताना तुझं जायफळ आण. बाजारातलं उगाळलं तर पाणी होतं नुसतं, वासच नाही." मी पाव किलो घेऊन गेलो. तिनं सहाण धुतली. सकाळी दादा आला की आधी अंघोळ, मग दूध, मग झोप, असा नेम लावायचा बेत ठरला. आठवडाभर ठीक चाललं. आणि मग दादानं तेच केलं जे आपण फवारणीत करतो. लेबलवर 10 मिली लिहिलेलं, तर आपण 20 घालतो, लवकर गुण यावा म्हणून. आत्या देवळात गेलेली असताना त्यानं अख्खं जायफळ किसणीवर किसलं, दुधात ढवळलं आणि प्याला.

पहिले तीन-चार तास काहीच नाही. दुपारनंतर छातीत धडधड, तोंड इतकं सुकलेलं की जीभ टाळूला चिकटते, मळमळ, आणि भिंत सरकतेय असं वाटायला लागलं. शेजाऱ्यांना वाटलं, पिऊन आलाय. आत्याला ओट्यावरच्या किसणीवरून कळलं. परळला हॉस्पिटलात नेलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस भानावर आला. वाचला. पण मी आजवर जायफळाकडं फक्त मसाला म्हणून बघायचो, ते त्या दिवसापासून बदललं.

त्यामागचं कारण असं. जायफळात मिरिस्टिसिन, एलेमिसिन अशी द्रव्यं असतात. वासही त्यांचा आणि गुंगीही त्यांचीच. सुमारे 5 ग्रॅम जायफळ पोटात गेलं की विषबाधा होऊ शकते, काहींना त्याहून कमीतही त्रास होतो. आपल्या बागेतली बरी बी तेवढ्याच वजनाची असते. म्हणजे एका फळाची बी एका माणसाला आजारी पाडायला पुरते. शिवाय त्याचा परिणाम तीन ते सहा तासांनी दिसतो. माणसाला वाटतं काही झालं नाही, आणि तो आणखी घेतो. दारू लगेच कळते, जायफळ उशिरा कळतं, हे ध्यानात ठेवा.

मग थोडं घातलं तर झोप खरंच येते का? प्राण्यांवरच्या प्रयोगांत जायफळानं गुंगी वाढल्याचं दिसलंय. पण माणसांना निद्रानाशावर जायफळ द्या असं कुठला डॉक्टर ठामपणे लिहून देईल इतका पुरावा नाही. आयुर्वेदात ते झोपेसाठी सांगितलंय, घरोघरी अनुभवही आहे. पुरणपोळीत, श्रीखंडात जायफळ असतं, आणि जेवल्यावर सगळं घर आडवं होतं ते जायफळानं, असं आपण म्हणतो. त्यात तुपाचा, साखरेचा आणि चार पोळ्यांचा वाटा किती, ते कोणी मोजत नाही. दादरला, गिरगावात पियूष मिळतं, त्यातही जायफळ असतं. ते पिऊन लोक ऑफिसात कामाला जातात, कोणी झोपत नाही. म्हणजे वासाएवढ्या मात्रेत जायफळ माणसाला पाडत नाही. ते चव देतं, वास देतं, आणि रोज त्याच वेळी तोच वास आला की अंग ओळखतं, आता पडायचं. माझ्या मते मोठं काम हेच आहे.

एक गंमत सांगतो. गिरगावातल्या जुन्या घरांत जायफळ घातलेली कॉफी करतात. वास तोच, सुंदर. पण झोपेसाठी ती नको. कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात. तेव्हा "जायफळ आहे ना त्यात" म्हणून रात्री 10 ला कॉफी घेणाऱ्यांनी जायफळाला दोष देऊ नये.

आता कृती. एका माणसाची.

दूध एक पेला, साधारण 150 ते 200 मिली. म्हशीचं असेल तर पाव भाग पाणी घाला, रात्री जड दूध पोटावर बसतं. एक वेलची सोलून, ठेचून. हळद हवी तर चिमूटभर. मंद आचेवर पाच मिनिटं उकळू द्या. मग गॅस बंद. आता जायफळ. सहाणेवर दुधाचेच दोन थेंब टाका आणि बी गोल फिरवा. एक पूर्ण गोल म्हणजे एक वेढा. दोन वेढे, फार तर तीन. सहाणेवर तपकिरी पातळ लेप उठतो, चहाच्या चमच्याचा आठवा भागही भरत नाही. तो बोटानं निपटून पेल्यात. सहाण नसेल तर बारीक किसणीवर दोनदा ओढा, तिसऱ्यांदा नको. जायफळ दुधाबरोबर उकळत बसू नका, वास वाफेबरोबर उडून जातो आणि मग माणूस "लागत नाही" म्हणून जास्त घालतो.

गोड पाहिजे तर गूळ, पण दूध उतरवून थोडं निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटायची भीती. मधुमेह असेल तर गोड नकोच, वेलचीनं भागतं. दूध सोसत नसेल तर तांदळाची पातळ पेज घ्या, किंचित मीठ आणि तेच दोन वेढे. आमच्याकडं तापातून उठलेल्या माणसाला अशी पेज देतात, पोटाला हलकी.

पेला छोटाच ठेवा. मोठा तांब्याभर घेतला तर झोपेतून दोनदा उठावं लागेल, मग कशाचं काय. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी, बसून, घोट घोट घ्या. हातात मोबाईल नको. दादाच्या बाबतीत आत्यानं आणखी तीन गोष्टी केल्या. खिडकीला जाड काळं कापड लावलं, कारण सकाळी 9 ला झोपणाऱ्याला उजेड हा सगळ्यात मोठा शत्रू. मोबाईल बाहेरच्या कपाटात. आणि कामावर पहाटे 4 नंतरचा चहा बंद. मला विचाराल तर या तिन्हींचा गुण जायफळापेक्षा जास्त.

कोणाला देऊ नये तेही लिहितो, आणि हे गंभीरपणे घ्या. तान्ह्या बाळाला जायफळ उगाळून देऊ नका. बाळगुटीची आपली परंपरा मला माहीत आहे, वर लिहिलीच आहे. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको असं डॉक्टर सांगतात. मोठ्या माणसाला जे तीन वेढे, ते तीन किलोच्या जिवाला किती होतील याचा हिशोब तुम्हीच करा. गरोदर बाईला नको. झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. जो माणूस मोठ्यानं घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकून उठतो, त्याला दुधाची नाही, तपासणीची गरज आहे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडून त्याला दूध पाजायला जाऊ नका. अचानक बंद केल्यानं हात थरथरणं, भ्रम, झटके येऊ शकतात, जीवावर बेततं. दादाची दारूही डॉक्टरच्या सल्ल्यानं, पायरी पायरीनं उतरवली. दुधानं सोडवली असं मी म्हणणार नाही. क्वार्टरची जी जागा होती, आंघोळ आणि झोप यांच्या मधली, त्या जागेवर दूध येऊन बसलं, इतकंच.

आता आपल्या बाजूचं. शेतकऱ्यांनी आणि कृषी खात्यातल्या मित्रांनी इथून पुढं जरा लक्ष द्या.

जायफळ आपल्याकडं माडाच्या आणि पोफळीच्या सावलीत येतं. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं लाखी बागेचा जो नमुना उभा केला, त्यात चार माडांच्या मधल्या जागेत जायफळ आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती या जाती कलमातून मिळतात. बियांपासून लावलं तर झाड नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्यात सहा-सात वर्षं जातात. म्हणून कलमच लावा, दहा मादी झाडांना एक नर ठेवा. कोकण संयुक्तावर नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात. हे सगळं आपण बोललोय आधी.

अडचण आहे ती काढणीनंतरची. माझ्या बागेत बहुतेक फळं फुटतात ती ऐन पावसात. आमच्या पट्ट्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवा ओली, खळ्यात ऊन नाही. फळ फुटून खाली पडलं आणि दोन दिवस पालापाचोळ्यात राहिलं की बुरशी लागलीच समजा. यातली एक बुरशी, अस्परजिलस जातीची, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृताला घातक आहे आणि ते दूध उकळून जात नाही. बुरशी पुसली, बी घासून चकचकीत केली, तरी आत गेलेलं विष आतच राहतं. युरोपात जायफळात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागं 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे शंभर टनात एक ग्रॅम. एवढ्याशा बुरशीवरून परदेशात माल का अडतो ते यावरून कळेल.

मी काय करतो ते सांगतो. फळ उकललं आणि आतली लाल जायपत्री दिसली की झाडावरूनच आकडीनं काढतो. खाली जाळी बांधली आहे, निसटलेलं फळ मातीला लागत नाही. पडलेली फळं दिवसातून दोनदा वेचायची, पाऊस असला तरी. साल काढून जायपत्री हातानं अलगद सोडवायची, ती वेगळी सुकवायची. बी कवचासकट ड्रायरमध्ये, 40 ते 45 अंशांच्या वर नाही. जायफळात पाव हिश्श्याहून जास्त चरबी असते. जास्त तापवलं की ती वितळून बाहेर येते, बी आक्रसते, वास जातो. चुलीवरच्या माळ्यावर सुकवणारे अजून आहेत. चालतं, पण धूर थेट लागू देऊ नका. कवच हलवल्यावर आत बी खुळखुळली की सुकली. ठेवायची ती कवचासकटच, विकायच्या आधी फोडायची. कवचात बी जास्त टिकते आणि भुंगेरा कमी लागतो.

फोडल्यावर निवड. फुटकी, पोकळ, भोकं पडलेली, पांढरट किंवा हिरवट डाग असलेली बाजूला. किडक्या-तुटक्या मालाची व्यापारात वेगळी प्रत असते, तो तेल काढायला जातो. पण सगळाच तिकडं जात नाही. काही पावडरीत जातो, हे आपल्याला माहीत आहे.

मागच्या पावसात आठ दिवस वीज नव्हती, ड्रायर बंद. अकरा किलो बियांवर बुरशी चढली. एक व्यापारी दारात आला, म्हणाला, "घासून द्या, पावडरीला चालतं, कोण बघतंय." भाव अर्धा देत होता. अकरा किलोचा अर्धा भाव म्हणजे मजुरीचे चार दिवस सुटत होते, नाही म्हणायला जड गेलं. पण माझ्या डोळ्यासमोर तो पेला होता. ही पावडर कुठल्या डब्यात जाईल, कुठल्या चाळीत जाईल, कोणती बाई झोपायच्या आधी माणसाला चिमूटभर घालून देईल, हे मला माहीत नाही. रोज घेणाऱ्याच्या पोटात ते रोज जाणार. सगळा माल खड्ड्यात पुरला, गुरांना लागणार नाही असा खोल. बायको म्हणाली, "बरं केलंस." मुलगा काही बोलला नाही. पैसे गेले ते गेलेच.

शहरातल्या माणसांनी विकत घेताना काय बघावं तेही लिहितो, कारण हा लेख मुंबईतले आपले नातेवाईक वाचतात. लालबागच्या मसाला गल्लीत मार्चपासून पावसाच्या आधीपर्यंत बायकांची रांग असते, वर्षाचा मसाला डंखावर कुटून घ्यायला. तिथं अख्खं जायफळ मिळतं, अख्खंच घ्या, पावडर नको. हातात वजनदार लागलं पाहिजे. नखानं ओरखडा काढला की तेलकट दिसलं पाहिजे आणि वास लगेच यायला हवा. वरचा पांढरा हात चुन्याचा असू शकतो, किडीसाठी लावतात, तो पुसला जातो. पण काळपट-हिरवट मऊ लव दिसली तर परत द्या. जायपत्री घेताना रामपत्रीशी गल्लत करू नका. ती सह्याद्रीतल्या रानजायफळाची, दिसायला जायपत्रीसारखी, वास अगदी कमी. गमतीचा भाग असा की परदेशी व्यापारात हिलाच 'बॉम्बे मेस' म्हणतात. मुंबईचं नाव लागलं ते नेमकं भेसळीच्या मालाला.

शेवटी एक बाब. परळ म्हटलं की आपल्या गावांना टाटा, केईएम, वाडिया आठवतं. घरातला कोणी आजारी असला की आपलं माणूस तिथं महिनामहिना राहतं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाईकाच्या दहा बाय दहात, नाहीतर फुटपाथवर. पेशंटला औषध मिळतं, सोबतच्याला कोणी विचारत नाही. त्याची झोप उडालेली असते, आणि तिथं जवळच गुत्ताही असतो. आत्या अशा ओळखीच्या माणसांना रात्री एक पेला दूध देते, दोन वेढे घालून. पेशंटला मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंबही देत नाही. तुमच्यापैकी कोणाचे नातेवाईक त्या भागात राहत असतील तर त्यांना सांगा, एवढं कोणालाही जमण्यासारखं आहे.

दादा अजून रात्रपाळीतच आहे. आता साडेअकराऐवजी दुपारी अडीच-तीनला उठतो. आत्यानं जायफळाच्या डबीवर चिकटपट्टी लावून पेनानं लिहून ठेवलंय, "3 वेढे." डबी स्वतःच्या उशाशी ठेवते.

यंदाचा माल सप्टेंबरअखेर निवडून तयार होईल. ड्रायरला सोलरची जोड घेतली आहे, वीज गेली तरी पंखा चालेल. खर्च, जोडणी, आठवड्याला किती किलो सुकतं, हे पुढच्या नोंदीत आकड्यांसकट लिहितो. ज्यांच्याकडं जायफळ आहे त्यांनी पावसात सुकवणी कशी करता ते सांगा. विशेषतः सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्यांनी, तुमच्याकडं पाऊस आमच्यापेक्षा कमी नाही.